पिल्लू पाहण्याचा कार्यक्रम

आमच्या सदाशिव पेठेत वस्तू पारखून घेण्याला व्यवहार म्हणत नाहीत, संस्कार म्हणतात. नारळ कानाशी हलवून आणि तुळशीबागेतला डबा झाकण दहादा लावून-काढून मगच घरी यायचा. तेव्हा कुत्र्याचे पिल्लू आणायचे ठरल्यावर "डोळे तपासून घ्या हं!" असे आमची ही म्हणाली, यात नवल नव्हते. पण जिवाची पारख नारळासारखी करावी का, हा प्रश्न मला काही सोडीना.

प्राण्यांच्या डॉक्टरांना तो पडलाच नव्हता. त्यांनी सरळ पाठ दिला. पिल्लू जन्मते तेच डोळे मिटून. दोनेक आठवड्यांनी ते उघडतात. आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकू नये, असा २०१७ सालचा नियम आहे. डोळे स्वच्छ हवेत, पापणी आत वळून केस बुबुळाला घासता कामा नयेत. आणि डोळ्यांपुढे हात हलवून परीक्षा घ्यायची नाही. आंधळे पिल्लूही हाताच्या वाऱ्याने दचकते! त्यापेक्षा कापसाचा बोळा सोडावा. त्याचा आवाज होत नाही. नजर बोळ्यामागे गेली की पिल्लू पास.

पण एक दुखणे बोळ्यालाही सापडत नाही. डोळ्याचा पडदा हळूहळू झिजतो. आधी रात्रीचे दिसेनासे होते, मग दिवसाचे. हे आनुवंशिक, आणि पुष्कळदा आईबापांना मात्र ठणठणीत दिसत असते. म्हणजे तपासायचे ते पिल्लापेक्षा त्याचे घराणे. पोहे खात मुलीला चालून दाखवायला लावणाऱ्या वरपक्षाला हा न्याय कधी सुचला नाही!

आता, धर्मराजाने महाप्रस्थानात मागे आलेल्या कुत्र्याचे डोळे कुठे तपासले होते? उलट त्याच्यासाठी स्वर्गाचा रथ नाकारला. खरे आहे. पण ते कुत्रे कोणी विक्रीसाठी जन्माला घातले नव्हते. आपण न बघता पैसे मोजले, तर अधू पिल्ले निपजवणाऱ्याचा धंदा चालवतो. बघून नापास केले, तर नापास झालेले जाते कुठे? नारळ नासका निघाला तर टाकून देता येतो. इथे गाडी अडते.

आमचीही अडली. पाचांपैकी चार पिल्लांनी बोळ्यावर झडप घातली. पाचवे भलतीकडे तोंड करून माझ्या चपलेचा वास घेत बसले. डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिले आणि मान हलवली. "कुत्रे नाकाने जगते हो. घरातले सामान जागचे हलवू नका, म्हणजे झाले."

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहू लागलो. आमचे कपाट १९७२ पासून भिंतीशी जे उभे आहे, ते रंगाऱ्यालाही हलले नाही.

विकणाऱ्याला पैसे दिले नाहीत. त्या जोडीची पिल्ले पुन्हा नकोत, एवढे डॉक्टरांकडूनच बजावून घेतले. पारख करावी ती एवढ्यासाठी, की 'हो' म्हणताना आपण कशाला 'हो' म्हणतो ते कळावे. एकदा म्हटले की परीक्षा संपली. मग युधिष्ठिराचा नियम लागू.

पिल्लाने मात्र आमची पारख चपलेवरूनच उरकली. चष्म्याचा नंबरसुद्धा विचारला नाही.