सही करण्याआधी

महाड

चि. भाचीस,


कराराची पानं व्हॉट्सॲपवर मिळाली. मुंबईच्या हॉटेलात आठवड्यातून चार रात्री जॅझ गायला मिळणार, पैसे तारखेला खात्यात पडणार, याचा मला तुझ्याइतकाच आनंद आहे. पोलादपूरला फोन केला तर ताई हरखून गेली. भावजींनी मात्र विचारलं, "म्हणजे नक्की काय गाते ती?"

पण बाळ, नववं कलम वाचलंस का? पाच वर्षं एजन्सीच्या लेखी परवानगीशिवाय 'कोणत्याही ठिकाणी, कोणत्याही माध्यमात' गायचं नाही. गणपतीत वाडीवर जाखडीच्या शक्ती-तुऱ्याला भावजींच्या शेजारी बसून तोंड उघडलंस तरी करारभंग. माझा जन्म बँकेत लोकांच्या सह्या घेण्यात गेला. आनंदाच्या भरात माणूस काय वाटेल त्यावर सही करतो.

लॉर्ना कोर्देरो यांची गाणी तू ऐकतेस. त्यांची सुरुवातही ऐकून ठेव. मुंबईतल्या गोवेकर घरातली मुलगी, साठच्या दशकात कोवळ्या वयातच बँडबरोबर गाऊ लागली. चर्चगेटच्या हॉटेलांत तेव्हा रोज रात्री जॅझ रंगायचा. मडगावचे ख्रिस पेरी ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवत, चाली बांधत. त्यांनी जॅझचा साज कोकणी गाण्यावर चढवला आणि लॉर्नांकडून 'बेबदो', 'पिसो' गाऊन घेतलं. ही गाणी आजही गोव्यात लग्नाच्या मांडवात वाजतात. पेरींशिवाय दुसऱ्या कुणाबरोबर गायचं नाही असं लॉर्नांकडून लिहून घेतलं होतं, असं त्यांच्यावर लिहिणारे सांगतात. जोडी फुटली आणि भर उमेदीत हा आवाज गप्प झाला. तो पुन्हा ऐकू आला थेट नव्वदच्या दशकात, 'हॅलो लॉर्ना' या अल्बममधून. 'नाचुया कुंपासार' हा कोकणी सिनेमा या जोडीवरच बेतलेला आहे. ख्रिस पेरी लहान कलावंत होते असं मी म्हणत नाही. थोर होते, म्हणून तर सही करताना कुणाला शंका आली नसेल.

आता आशा पुथली पाहा. मुंबईचीच मुलगी. हिंदुस्थानी संगीताची तालीम घेतलेली आणि जॅझचं वेड लागलेली. तिने विमान कंपनीत हवाई सुंदरीची नोकरी धरली, मग नृत्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क गाठलं. तिथे जॉन हॅमंड यांनी तिला हेरलं. जॅझ गायिका बिली हॉलिडेला पुढे आणणारे तेच. 1971 साली सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन यांच्या 'सायन्स फिक्शन' या ध्वनिमुद्रिकेसाठी ती दोन गाणी गायली. कोलमन यांचं संगीत तेव्हा मुरलेल्या वादकांनाही झेपत नव्हतं. रागदारीत घोटलेला गळा मुंबईत सोडून ती गेली असती, तर तिथे उभी तरी राहिली असती का?

तुझ्याकडे काय आहे ते तुला ठाऊक नाही म्हणून लिहितो. जाखडीत भोवती फेर चालू असताना, मधे ढोलकीवाल्याला खेटून बसून, समोरच्या शाहिराच्या सवालाला तिथल्या तिथे चाल धरून जबाब देताना तू भावजींना लहानपणापासून पाहिलंस. ते कान आयते कुणाला मिळत नाहीत. जॅझमध्ये आयत्या वेळी सुचावं लागतं म्हणून तिकडची मुलं वर्षानुवर्षं घासतात. म्हणून त्या हॉटेलासाठी वाडीवरचं गाणं बंद करू नकोस. आणि बिली हॉलिडेच्या आवाजाची नक्कल तर आजपासून थांबव. रेकॉर्डिंग ऐकलं, तुझा खालचा स्वर तिच्यामागे धावताना पार बसतो.

दिवसाची नोकरी एवढ्यात सोडू नकोस. ती आहे तोवर एजन्सीला नाही म्हणता येतं. मुदत एक वर्षाची मागून घे, बंधन फक्त मुंबईतल्या हॉटेलांपुरतं ठेवायला सांग, आणि गाण्यांच्या ध्वनिमुद्रणाचे हक्क त्यात घालू देऊ नकोस. हे ऐकून ते चिडले, तर हॉटेलं मुंबईत पुष्कळ आहेत.

शनिवारी रात्रीची एसटी पकडून ये. रविवारी सकाळी इथले वकील कागद पाहायला तयार आहेत, पैसे घेणार नाहीत. तोवर सही करू नकोस.

तुझा मामा