दूर्वा आणि औषध



आजचं वाचन : ज्ञानेश्वरी, अध्याय १३. ज्ञानाची लक्षणं, त्यातली 'अहिंसा'.

गेल्या संकष्टीला सकाळी पहिल्या मजल्यावरच्या आजी सोसायटीच्या लॉनवर दूर्वा खुडत होत्या. मला बघून म्हणाल्या, "अगं, इथे औषध मारलंय का? वास येतोय." मारलं होतं. आदल्याच दिवशी. बागेच्या कमिटीत मी आहे, कोटेशनला होकार मीच दिलेला, आणि साधा बोर्ड लावायचंही मला सुचलं नव्हतं. आजींनी हातातली जुडी तिथेच ठेवली, नळावर हात धुतले आणि काही न बोलता गेल्या.

'औषध' हा शब्द दिवसभर टोचत राहिला. आपण विष मारतो आणि त्याला औषध म्हणतो. आजच्या ओव्यांत माऊली नेमकं औषधाबद्दलच बोलतात. एक जीव वाचवायला दुसऱ्यांची मुळं खणायची, साली सोलायच्या, याला अहिंसा कसं म्हणायचं? फांद्या तोडून त्याच झाडाला कुंपण करावं, देऊळ मोडून देवाला आवार बांधावं, तसं हे. बरं, वैद्यापुढे निदान एक रोगी तरी असतो. आमच्या लॉनवर आजारी कोण होतं? 'पॅची दिसतंय' एवढीच तक्रार होती.

आणि मारलं काय? रुंद पानांचं तण. म्हणजे कडेचा आघाडा, ओलीतला माका. गणपतीच्या २१ पत्रींत हे दोन्ही असतात! त्यांच्यासाठी टू-फोर-डी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ते 'कर्करोगाला कदाचित कारणीभूत' या गटात टाकलं. पुरावा पक्का नाही, हेही खरं. पण हुमणीसाठी मारलेल्या क्लोरपायरिफॉसचं वाचून मी हादरले. ते किडीच्या नसांमधलं एक एन्झाइम बंद पाडतं. तेच एन्झाइम गांडुळात आहे, साळुंकीत आहे, आणि त्याच गवतावर रांगून हात तोंडात घालणाऱ्या बाळातही आहे. सगळ्यांच्या ठायी एकच तत्त्व आहे, असं कीर्तनात ऐकून आपण मान डोलावतो. मला ते या बाटलीमुळे कळलं.

शेतकरी किती फवारतात म्हणून आपण शहरातले पटकन बोट दाखवतो. त्याचं पीक जातं, डोक्यावर कर्ज असतं. आपलं काय जाणार होतं? (डेंग्यूच्या डासांचा प्रश्न वेगळा, तो इथे नको.) कॅनडात क्विबेकमधल्या हडसन या छोट्या गावाने १९९१ मध्ये हाच फरक केला. शेतीला सूट दिली, पण निव्वळ शोभेसाठी होणारी फवारणी बंद केली. कंपन्या कोर्टात गेल्या. २००१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला.

माऊलींनी अहिंसा ओळखायची खूण सांगितलीय ती चालण्यात. केसर चुरगळेल म्हणून भुंगा कमळावर हळूच पाय ठेवतो, तसा हा माणूस जमिनीवर पाय ठेवतो, कारण कणाकणात बारीक जीव आहेत हे त्याला माहीत असतं. मी त्या लॉनवर रोज सकाळी अर्धा तास चालते. हेडफोन लावून, बहुतेक वेळा हरिपाठ ऐकत.

रविवारी मीटिंगमध्ये मी हे सगळं सांगितलं, माझ्या होकारासकट. सेक्रेटरी म्हणाले, "मग तण उपटणार कोण, ताई?" प्रश्न रास्त होता. उत्तर माळीकाकांनी दिलं. पाऊस पडून गेला की माती मऊ असते, तेव्हा तण मुळासकट निघतं. आणि गवत इतकं बारीक कापू नका, जरा उंच राहिलं तर खालच्या तणाला ऊन मिळत नाही. सहा महिने फवारणी बंद ठेवून बघायचं ठरलं. पहिल्या रविवारी चौघं आले, त्यातला एक फोटोपुरता. गेटजवळ एक टक्कल पडलंय, ते अजून तसंच आहे.

आजी हल्ली दूर्वा बाजारातून आणतात. मी बाल्कनीत एका कुंडीत लावल्यात, चांगल्या फुटल्यात. पुढच्या संकष्टीला कुंडीच घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे. त्यांची माफी मागायची राहिलीय.