वैद्याचा आवाज आणि वैद्याचा हात

रोग्याजवळ बसून त्याच्या नाडीवर बोटे ठेवतो तो वैद्य, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. ज्याने रोग्याला स्पर्शही केला नाही त्याचे औषध आपल्या आजी-आजोबांनी घेतले नसते. आता मात्र शासनच सांगते की, दुर्गम पाड्यावरील माणसाने पडद्यावर दिसणाऱ्या डॉक्टरांपुढे आपले दुखणे मांडावे. केंद्र शासनाची ‘ई-संजीवनी’ सेवा नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली, २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यक सेवेचे नियम जाहीर झाले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये या सेवेतून दिलेल्या सल्ल्यांची संख्या १० कोटींवर गेली. तिची उपयुक्तता आता वादाचा विषय राहिलेली नाही. आम्हांला सतावतो तो प्रश्न निराळा आहे: दूरच्या माणसापर्यंत आवाज पोहोचविला, म्हणजे त्याच्याविषयीचे आपले कर्तव्य संपले काय?

या प्रश्नाला ऑस्ट्रेलियातील एक जुनी घटना चांगला उजेड देते. १९१७ च्या जुलैअखेर पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या विरळ वस्तीच्या मुलखात जिमी डार्सी नावाचा गुराखी घोड्यावरून पडून गंभीर जखमी झाला. सोबत्यांनी त्याला हॉल्स क्रीक या खेड्यात आणले. तेथे डॉक्टर नव्हता. होते ते पोस्टमास्तर टकेट. त्यांनी पूर्वी प्रथमोपचाराचे शिक्षण घेतले होते. त्यांनी दूरवरच्या पर्थ शहरातील डॉ. हॉलंड यांच्याशी तारेने संपर्क साधला. तारयंत्राच्या कड-कट्टातून एकेक सूचना येत गेली आणि टकेट यांनी साध्या चाकूने डार्सीच्या मूत्राशयावर शस्त्रक्रिया केली.

ही कथा सांगणारे पुष्कळदा येथेच थांबतात. आम्हांला मात्र तिचा पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. सूचना दिल्यावर डॉ. हॉलंड पर्थमध्ये बसून राहिले नाहीत. ते जहाजाने निघाले, पुढे मोटारीने आणि अखेर मिळेल त्या साधनाने वाट तुडवीत हॉल्स क्रीकला पोहोचले. आदल्याच दिवशी डार्सीने प्राण सोडला होता. शस्त्रक्रिया यशस्वी झाली होती. त्याला नेले ते मलेरियाने, ज्याचे निदानच झाले नव्हते. जेवढे विचारले गेले तेवढ्याचे उत्तर तारेने आणले. जे कोणी विचारलेच नाही ते रोग्याच्या अंगातच राहिले.

अशाच अनुभवांतून त्या देशाने पुढे मार्ग काढला. जॉन फ्लिन या प्रेस्बिटेरियन पाळकाच्या प्रयत्नांनी मे १९२८ मध्ये क्लॉनकरी येथून डॉक्टर विमानाने रोग्यांकडे जाऊ लागले. १९२९ पासून आल्फ्रेड ट्रेगर यांनी बनविलेली, पायाने पॅडल मारून चालविण्याची बिनतारी यंत्रे दूरच्या वस्त्यांवर आली. १९४२ पासून औषधांच्या पेट्या ठेवल्या गेल्या; त्यांतील प्रत्येक औषधाला क्रमांक होता, म्हणजे डॉक्टरांनी क्रमांक सांगावा आणि घरच्या बाईने ते औषध काढून द्यावे. आमच्या मते येथे क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. विमान आधी आले, बिनतारी मागून. घरच्या बाईला ठाऊक होते की, या आवाजाला गरज पडली तर तो स्वतः येईल.

आता आपल्या अंगणाकडे वळू. वसईची धर्मग्रामे आणि जव्हार-मोखाड्याचे पाडे २०१४ पासून एकाच पालघर जिल्ह्यात आहेत. १९९२ च्या सुमारास वावर-वांगणीच्या बालमृत्यूंची वृत्ते आपण वाचली होती. तेव्हा ती भूमी ठाणे जिल्ह्यात होती. तेथील एखाद्या मधुमेही म्हाताऱ्याला उपकेंद्रातूनच डॉक्टरांचा सल्ला मिळाला, तर एसटीचे भाडे वाचते, त्याला घेऊन जाणाऱ्या मुलाचा रोज बुडत नाही, आणि औषध मध्येच सोडून देण्याची पाळीही कदाचित टळते. त्याच्यापुढे निवड असते ती पडदा की काहीच नाही, एवढीच. ‘डॉक्टर प्रत्यक्षच हवा’ असा आग्रह शहरात बसून धरणे हे त्याच्या दृष्टीने निर्दयपणाचे ठरेल.

परंतु पडद्याला पोट चाचपता येत नाही. गरोदर स्त्रीच्या पायांवरची सूज दाबून पाहायची ती तेथे उभ्या असलेल्या परिचारिकेने. वारली बोलीत सांगितलेले दुखणे डॉक्टरांपर्यंत पोहोचते ते बहुधा दुसऱ्या कोणाच्या तोंडून. आणि जी गोष्ट बाईला शेजारणीदेखत उच्चारता येत नाही, ती मुळीच पोहोचत नाही. शासनाच्या नियमांनीही ही मर्यादा मान्य केली आहे: तातडीच्या प्रसंगी दुरून प्रथमोपचार सांगावा व रोग्याला प्रत्यक्ष उपचाराकडे धाडावे. धाडावे खरे, पण कोणत्या वाहनाने, आणि कोणाकडे?

२०२० च्या टाळेबंदीत आपण सर्वांनी पडद्यावरची मिस्सा पाहिली. तिने धीर दिला, घर प्रार्थनेत एकत्र आले. तरीही ख्रिस्तप्रसाद हातात आला नाही, आणि तिला मंदिराची जागा कायमची द्यावी असे धर्मगुरूंपैकी कोणी सुचविल्याचे आम्ही ऐकले नाही. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ती चालू राहिली, त्यांच्याकडे ख्रिस्तप्रसाद घेऊन जाणारेही चालू राहिले. मग पाड्यावरच्या माणसाच्या बाबतीत आपण पडद्यावरच समाधान का मानावे? मुंबईच्या रोग्याला पडदा ही जादा सोय असते. मनात आले तर तो संध्याकाळी दवाखान्यात जाऊन बसतो. मोखाड्याच्या रोग्याजवळ हे ‘मनात आले तर’ नसते. डॉक्टर पुरेसे नाहीत, हे उत्तर खरे आहे. पण ते उणेपण दोघांच्या वाट्याला सारखे येत नाही, आणि अन्याय तेथेच आहे. पडदा लागला म्हणून रिक्त जागेची कोणी चौकशीच केली नाही, तर सल्ल्यांचे आकडे वाढत जातील आणि अन्याय मात्र नजरेआड होईल.

आपल्या घराघरांत परिचारिका आहेत, निवृत्त डॉक्टरही आहेत. एखाद्या धर्मग्रामाची सेवासंस्था पाड्यावरच्या केंद्राला टॅब भेट देण्याचे ठरवील तेव्हा तिने आधी तेथे जाऊन दोन गोष्टी विचाराव्यात, असे आम्हांला वाटते: तो टॅब रोग्यापुढे धरायला उपकेंद्रात परिचारिका आहे काय, आणि पलीकडच्या डॉक्टरांनी ‘हिला आत्ताच्या आत्ता आणा’ असे म्हटले, तर त्या रात्री गाडी कोण काढणार?