तळं सोडून देण्याची रीत

सोलापूर तेव्हा सोन्नलिगे होतं. बाराव्या शतकात सिद्धराम तिथे तळं खोदवून घेत होता. खोदकाम ऐन भरात असताना शरण संत अल्लमप्रभू येऊन उभे राहिले आणि त्यांनी सिद्धरामाला चक्क वड्डर, म्हणजे खोदकाम करणारा, म्हणून हाक मारली. मजूर खवळले, प्रभूंवर दगड आले. 'शून्यसंपादने' या कन्नड ग्रंथात ही भेट रंगवून सांगितली आहे. अल्लमांचा आक्षेप साधा आणि जिव्हारी लागणारा होता: तळं बांधून लोकांची तहान भागेल, पण 'हे मी बांधलं' ही गाठ कशाने सुटणार?

सिद्धराम पुढे कल्याणला गेला आणि शरणांच्या सभेच्या, अनुभव मंटपाच्या, शून्यपीठावर बसला. तळं मात्र राहिलं. सिद्धेश्वराचं देऊळ आजही त्या पाण्यात उभं आहे, संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते, आणि खोदकाम हीच ज्यांची पिढीजात ओळख, तो वडार-भोवी समाज सिद्धरामाला आपला गुरू मानतो.

ते कल्याण म्हणजे बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. सिद्धरामासारख्या शरणांच्या थोडं आधी, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या राजवटीत, विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' हा धर्मशास्त्राचा ग्रंथ लिहिला तो याच राजधानीच्या आश्रयाने. शरणांनी कर्मकांड नाकारलं, धर्मशास्त्राने ते जपलं. दोघांचं जमणं कठीण. तळ्याच्या बाबतीत मात्र ते अनपेक्षितपणे जवळ येतात. धर्मशास्त्रात तळ्याचं दान होत नाही, उत्सर्ग होतो. दानाला घेणारा लागतो. उत्सर्गात पाणी सगळ्या भूतमात्रांसाठी सोडून द्यायचं. त्यानंतर बांधणाऱ्याचा हक्क उरतो तो इतरांसारखा पाणी पिण्याचा, आंघोळीचा. विष्णुस्मृती आणखी पुढे जाते: मोडकं तळं दुरुस्त करणाऱ्याला मूळ बांधणाऱ्याइतकंच फळ.

शहरांनी ही रीत केव्हाच मोडली. बेंगळुरूचं मॅजेस्टिक बसस्थानक धर्मांबुधी तळ्याच्या जागेवर आहे. मुंबईत धोबी तलाव नावापुरता उरला.

आता उलटं वारं आहे. आटलेली, सांडपाण्याने भरलेली तळी पुन्हा जिवंत करायची म्हणून गाळ काढतात, कडेने फरशी बसवतात, कारंजं, दिवे आणि उद्घाटनाची कोनशिला लावतात. संध्याकाळी म्हाताऱ्यांना फिरायला जागा मिळते, पोरं खेळतात; हे लहान काम नाही. पण भूतमात्रांत टिटवीही येते. ती उघड्या खडीवर, पाण्याच्या आसपास अंडी घालते. काठ फरशीने बांधला की तिचा हक्क गेला. वंचकाला उथळ चिखल लागतो. उभ्या दगडी भिंतीशी त्याला उभं राहायलाही जागा नसते. कागदावर तळं सगळ्यांचं झालं, प्रत्यक्षात फक्त फिरायला येणाऱ्यांचं.

बीदरच्या माणसाला हे वेगळं सांगावं लागू नये. तिथल्या सच्छिद्र जांभ्या दगडातून पाऊस झिरपतो, खालच्या काळ्या कातळाला अडतो आणि झऱ्याने बाहेर येतो. गुरुनानक झिरा आणि नरसिंह झिरा, दोन्ही देवस्थानं पाण्याच्या उगमाशीच वसली. पाणी एकाच्या कुंपणात राहत नाही, हे त्या जमिनीतच दिसतं.

मग उत्सर्ग आज कसा करायचा? बेंगळुरूच्या जक्कूर तळ्याचं उदाहरण जवळचं आहे. तिथे सांडपाणी आधी शुद्धीकरण केंद्रात जातं, मग पाणकणसाच्या पाणथळीतून संथपणे झिरपत तळ्यात उतरतं. त्या झाडोऱ्यात उरलासुरला गाळ आणि नायट्रोजन-फॉस्फरस बराच अडतो. तिथे लोक फिरायला येतात, कोळी जाळी टाकतात आणि गुरं पाळणारे काठावरचं गवत कापून नेतात. बसवकल्याणच्या त्रिपुरांत तळ्यापासून कलबुर्गीच्या शरणबसवेश्वर देवळालगतच्या तळ्यापर्यंत जिथे जिथे आराखडे होतील, तिथे नाला कुठून येतो आणि गवत कोण कापतं, हे कारंज्याआधी विचारायला हवं. एक काठ फरशीविना, उतरता आणि चिखलाचा सोडावा. आणि कोनशिलेवर कोणाचं नाव नसलं तरी चालेल.