आवाज कोणाचा? : ‘आय डान्स’ आणि श्रेयाचा नैतिक प्रश्न

रंगमंचावर दिसणारे शरीर एकाचे आणि ध्वनिमुद्रिकेतून ऐकू येणारा आवाज दुसऱ्याचा असेल, तर श्रोत्याची फसवणूक होते काय? लोकप्रिय संगीताच्या चर्चेत हा प्रश्न बहुधा ‘अस्सलपणा’च्या संदर्भात मांडला जातो. तो तेथे चुकीच्या ठिकाणी मांडला जातो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

‘आय डान्स’ (1985) हा बोनी एम. या पश्चिम जर्मनीत घडविल्या गेलेल्या डिस्को गटाचा नव्या गीतांचा अखेरचा अल्बम. गटाचे निर्माते फ्रँक फारियान यांनी गटाचे पहिले गीत स्वतःच्याच आवाजात ध्वनिमुद्रित केले. त्या आवाजाला दर्शनी शरीरे नंतर मिळाली. नर्तक बॉबी फॅरेल ओठ हलवीत, ध्वनिमुद्रिकेतील पुरुषी आवाज मात्र फारियान यांचा असे. लिझ मिचेल आणि मार्सिया बॅरेट स्वतः गात. मेझी विल्यम्स यांचा आवाज ध्वनिमुद्रिकांत नव्हता. 1982 मध्ये फॅरेल यांच्या जागी रेगी त्सिबो हे खरोखर गाणारे गायक आले आणि पुढे फॅरेलही परतले. त्यामुळे या अल्बमच्या काळात गाणारा पुरुष आणि नाचणारा पुरुष एकाच गटात शेजारी उभे राहिले. शरीर आणि आवाज यांची एरवी झाकलेली फारकत येथे जणू गटरचनेतच उघडी पडते.

या फारकतीलाच अनीती म्हणता येईल काय? डिस्कोची ध्वनिमुद्रिका ही वेगवेगळ्या वेळी मुद्रित केलेल्या ध्वनिस्तरांची जुळणी असते. ती ज्याची प्रतिकृती ठरावी असा मूळ प्रयोग कधी झालेलाच नसतो. जेथे मूळच नाही, तेथे मुळाशी प्रतारणा झाल्याचा आरोप टिकत नाही. शिवाय हिंदी-मराठी चित्रपटांच्या प्रेक्षकाला ही फारकत परिचित आहे. पार्श्वगायन हा दोन्ही बाजूंना ठाऊक असलेला संकेत आहे आणि ठाऊक असलेल्या संकेताने कोणी फसत नाही.

परंतु हा संकेतही आपोआप न्याय्य झालेला नाही. ‘महल’ (1949) मधील लता मंगेशकरांच्या गीताच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हे पात्राचे नाव छापलेले होते. पार्श्वगायनासाठी फिल्मफेअरचा स्वतंत्र पुरस्कार 1959 पासून सुरू झाला. आवाज आणि शरीर यांतील अंतर दोन्ही वेळी तेवढेच होते. बदलली ती श्रेयाची नोंद.

फारियान यांच्याच मिली व्हॅनिली प्रकरणातून याची उलट बाजू दिसते. अल्बमच्या अमेरिकी आवृत्तीवर रॉब पिलाटस आणि फॅब मॉर्व्हन यांची नावे गायक म्हणून छापली गेली. सत्य उघड झाल्यावर नोव्हेंबर 1990 मध्ये त्यांचा ग्रॅमी पुरस्कार परत घेण्यात आला. गीतांतील एक सूरही त्यामुळे बदलला नाही. म्हणजे हानी सौंदर्यात्म नव्हती. श्रोत्याशी असत्य बोलले गेले, हे खरे. परंतु अधिक गंभीर अन्याय झाला तो ज्यांचे कंठ वापरून नाव पुसले गेले त्या चार्ल्स शॉ, जॉन डेव्हिस आणि ब्रॅड हॉवेल या गायकांवर. लोकनिंदा मात्र प्रामुख्याने दर्शनी तरुणांच्या वाट्याला आली.

येथे समीक्षा-सिद्धान्तालाही एक प्रश्न विचारणे भाग आहे. रोलाँ बार्थ यांनी 1967 मध्ये लेखकाचा मृत्यू घोषित केला. त्याच बार्थ यांनी 1972 मध्ये आवाजाच्या पोतात गाणाऱ्याचे शरीर ऐकू येते, असे प्रतिपादन केले. या दोन भूमिकांत विसंगती वाटते, कारण ‘कर्ता’ या एकाच शब्दात आपण दोन संकल्पना कोंबतो. अर्थनिर्णयाचा अधिकारी असलेला कर्ता एक आणि श्रमाचा धनी असलेला कर्ता दुसरा. पहिल्याला दूर सारल्याने वाचक मोकळा होतो. दुसऱ्याला दूर सारल्याने केवळ निर्मात्याची सोय होते. पहिल्याच्या मृत्यूचा आधार घेऊन दुसऱ्याचे नाव पुसणे हे सिद्धान्ताचे उपयोजन नव्हे.

म्हणून ‘आय डान्स’सारख्या कृतीविषयी ‘हा आवाज अस्सल आहे काय?’ असे विचारण्यापेक्षा ‘प्रत्येकाचा श्रम त्याच्या खऱ्या नावाने नोंदला गेला आहे काय?’ असे विचारणे अधिक उचित. नृत्य हाही श्रमच आहे. फॅरेल यांना नर्तक म्हणण्यात त्यांची अप्रतिष्ठा नाही. नर्तकाला गायक म्हणून खपविले जाते, तेव्हा मात्र नर्तक आणि गायक दोघांचेही श्रेय हिरावले जाते.