बापाचा हात

परवा रातपाळी करून घरी आलो. डोळे जळत होते. तीन वर्षांची पोरगी रडत होती, थांबंना. माझा हात उठला. उठलेला हात बघून मीच दचकलो. तो हुबेहूब माझ्या बापाचा हात होता.

बाप वाईट माणूस न्हाई. मुकादमाची गिळलेली शिवी तो घरी आणायचा आणि आमच्या पाठीवर उतरवायचा. त्यानंही लहानपणी मारच खाल्लेला. मग ज्याला माया मिळाली न्हाई, त्यानं ती पोरांना द्यावी कुठून? आडात न्हाई ते पोहऱ्यात कुठून येणार, असं लोक म्हणतात. पण आपल्याला तर आडावर चढूच देत नव्हते. म्हणून काय आपण तहानेलेच राहिलो?

अमेरिकेतल्या मेरी मेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८० च्या दशकात आईबापांना त्यांच्याच लहानपणाबद्दल विचारलं. ज्यांना ते न लपवता, न सजवता, सुसंगत सांगता आलं, त्यांची लेकरं बहुतेक त्यांच्याजवळ निर्धास्त असायची. यात हाल सोसलेलेही होते.

मला बाबासाहेब आठवले. आई लहानपणीच गेली, आत्या मिराबाईंनी वाढवलं. १९०१ साली भावाभाच्यांबरोबर वडलांकडे निघाले, मसूर स्टेशनावर उतरले, तर न्यायला कुणी न्हाई. महाराची पोरं म्हणून वाटेत पाणी मिळालं न्हाई. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’त त्यांनी हे सगळं लिहिलं. वडील का आले नाहीत तेही लिहिलं : पत्र पोचलं होतं, नोकर द्यायला विसरला. दोष ज्याचा त्याच्या पदरात. चूक नोकराची, तहान जातीची.

याच माणसाची पाचातली चार लेकरं गेली. १९२६ साली राजरत्न गेला, तेव्हा दत्तोबा पवारांना पत्र लिहून त्यांनी दुःख मोकळं केलं. पुढच्याच वर्षी, २० मार्च १९२७ ला, चवदार तळं.

कुणी म्हणेल, ही घरातली बाब, चळवळीत कशाला? अरे, जात काय फक्त गावकुसाबाहेर भेटते? ती बापाच्या हातातून लेकराच्या गालावर उतरते. मोर्चात वळलेली मूठ घरी पोरावर पडली, तर आपण काम कुणाचं करतोय? आणि ‘जातीनं मला मारलं म्हणून मी मारलं’ ही सबबही चालणार न्हाई. हात माझाय, जबाबदारी माझीय.

त्या दिवशी हात खाली घेतला. पोरीला उचलली. ती बराच वेळ रडत होती, मी घेऊन बसलो.

आता एक काम राहिलंय. बापाजवळ बसायचं आणि विचारायचं : आण्णा, तुम्हाला कोण मारायचं?