दुसऱ्या हाकेची पारख

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक तरुण भेटीस आला. यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेऊन त्याला चार वर्षे झाली होती. नोकरीही बरी होती. "फादर, मला डॉक्टर व्हायचंय," तो म्हणाला. वडिलांच्या डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा रुग्णालयात बसता बसता हा विचार त्याच्या मनात रुजला होता. घरी मात्र शैक्षणिक कर्जाचे हप्ते चालू होते आणि धाकटी बहीण अकरावीत होती. आम्ही त्याला नांगराला हात घालून मागे वळून पाहणाऱ्याची उपमा ऐकवली. तो मुकाट्याने निघून गेला.

त्या रात्री आम्हांस स्वतःचीच लाज वाटली. पाचारणाची पारख करण्यासाठी सेमिनरीने आम्हांला कित्येक वर्षे दिली होती. आम्ही त्याला पाच मिनिटेही दिली नव्हती.

एकदा धरलेली वाट सोडणे ही चंचलता म्हणावी, की अंतःकरणाच्या हाकेशी राखलेली निष्ठा? नियमांच्या दृष्टीने ही वाट बंद नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली नीट परीक्षेची कमाल वयोमर्यादा काढून टाकली. बारावीनंतर जीवशास्त्र हा अतिरिक्त विषय घेऊन उत्तीर्ण होणाऱ्यांनाही २०२३ साली पात्र ठरविले. पुढे साडेचार वर्षांचे शिक्षण आणि वर्षभराची आंतरवासिता. परंतु 'येता येईल' एवढेच नियम सांगतात, 'यावे का?' हा प्रश्न ते ज्याचा त्याच्यावर सोपवतात.

अल्बर्ट श्वाइट्झर हे ईश्वरविज्ञानाचे पंडित व नामांकित ऑर्गनवादक. १९०५ साली, वयाच्या तिशीत, त्यांनी स्ट्रासबर्ग येथे वैद्यकाचा अभ्यास आरंभिला आणि १९१३ साली ते आफ्रिकेतील लांबारेने येथे रुग्णसेवेसाठी गेले. त्यांची पहिली विद्या वाया गेली नाही. ऑर्गनवादनाच्या मैफलींतून रुग्णालयासाठी पैसा उभा राहिला. याउलट गॉडफ्रे हाउन्सफील्ड हे अभियंतेच राहिले. त्यांनी घडविलेल्या सीटी स्कॅन यंत्राने १९७१ साली लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले आणि १९७९ साली त्यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. रुग्णाची सेवा दोघांनीही केली. एकाने वाट बदलून, दुसऱ्याने न बदलता.

तेव्हा पदवी बदलण्यात पापही नाही आणि पुण्यही नाही. हाक दुःखिताकडून येते आहे, की 'डॉक्टर' या उपाधीकडून, हे आधी पाहावे. दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे: या त्यागाची किंमत कोण मोजणार? आपल्या ध्येयासाठी बहिणीचे शिक्षण अडले, तर तो त्याग आपला नव्हे, तिचा होय. आणि तिच्या संमतीवाचून तो घेण्याचा अधिकार आपल्याला नाही. शासकीय महाविद्यालयातील जागेमागे समाजाचाही पैसा असतो. ती जागा घेणाऱ्याने अर्ध्यावर पुन्हा वाट बदलू नये, एवढी अपेक्षा समाजाने केली तर ती गैर नव्हे.

काही दिवसांनी आम्हीच त्याच्या घरी गेलो. त्याची क्षमा मागितली आणि मग विचारले, "यंत्रं तुला कळतात. ती सुधारूनही रुग्णांची सेवा होईल. मग डॉक्टरच का?"

तो थोडा थांबला. "डायलिसिसच्या वेळी मीसुद्धा यंत्राकडेच बघत बसायचो, फादर. एकदा बाबांनी माझा हात धरला, तेव्हा कळलं की त्यांना भीती वाटत होती."

या उत्तरात आम्हांला उपाधीचा मोह दिसला नाही. तरीही 'हो' म्हणण्याचा अधिकार आमचा नव्हता. आई, वडील, बहीण व तो असे सारे त्या संध्याकाळी एकत्र बसले. कर्ज फिटेपर्यंत आणि बहिणीचा प्रवेश होईपर्यंत दोन वर्षे नोकरी सोडायची नाही, जीवशास्त्राचा अभ्यास रात्री करायचा, असे ठरले. हाक खरी असेल तर ती दोन वर्षांनीही ऐकू येईल. विरून गेली, तरी वडिलांचा हात धरायला तो शिकला आहेच, आणि त्यासाठी कोणत्याही प्रवेशपरीक्षेची गरज नाही.